रेवणप्पाला थांबवायला हवं होतं

दुपारी शाळेतून आले की अजून मी चपला आवाज न करता काढते. फाटकाची कडी हळूच लावते. ट्रकच्या लांबच्या फेरीवरून आलात की तुम्ही लिंबाखाली बाजेवर झोपलेले असायचात, तेव्हापासूनची ही सवय. आता बाज आत घेतलीय, पण हातांना ते कळत नाही. अंगणातल्या त्या शांततेत कधी कधी मला खरंच वाटतं की तुम्ही झोपलाच आहात, आणि थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणाल, "मास्तरीण, चहा."

तुम्ही गेलातही तसेच. जेवलात, बाजेवर आडवे झालात. मी तिसरीच्या वर्गात शिकवत होते. शेजारची कस्तुरबाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली आणि नुसतं "बाई, घरी चला" म्हणाली. हळ्ळीखेडच्या त्या रस्त्यानं मी घाईनं चालले नाही, उलट सावकाश चालले, कारण पोचेपर्यंत काहीच झालेलं नव्हतं. तुमच्या तोंडावर पानांची सावली हलत होती. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. एरवी तुम्ही कुठंही थांबलात तरी फोन करायचात.

मग माणसं आली. हुमनाबादहून, भालकीहून, गुलबर्ग्याहून. रस्त्याच्या बोर्डावर कलबुर्गी लिहिलं तरी तुम्ही शेवटपर्यंत गुलबर्गाच म्हणालात, म्हणून मीही तेच लिहिते. जो येई तो म्हणे, देवमाणूस होता. मी मान हलवायची. पण देवमाणसाशी मला काय बोलायचंय? मला तुमच्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि ते अर्धं ठेवून जाणं मला अजिबात पटलेलं नाही.

ते भांडण त्या मंदीतलं.

मंदी आली हे मला आधी कळलंच नाही. शाळेचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो, त्यामुळे बाजार बसला तरी मास्तरणीला ते उशिरा समजतं. मला ती दिसली आपल्या अंगणात. गाडी घरी थांबायला लागली. त्याआधी तुम्ही एक रात्र घरी असायचात आणि परत निघायचात. कधी भालकीची साखर, कधी गुलबर्ग्याची तूरडाळ, कधी सिमेंट. आता गाडीखाली कोंबड्या बसायला लागल्या. गल्लीतली पोरं चाकांवर खडूनं चित्रं काढायला लागली, आणि तुम्ही ती पुसली नाहीत.

"शहरात बांधकामं बंद पडायलीत," तुम्ही सांगितलंत. "सिमेंट कुणी उचलंना. डाळ मिलवाले म्हणायलेत, गिऱ्हाईकच न्हाई. भाडं एक आन् गाड्या धा."

भाडं मिळवून देणारे एजंट आधी फोनवर तुमची, माझी, पिकापाण्याची चौकशी करायचे. नंतर ते नुसतं भाडं सांगायचे आणि तुम्ही विचार करत असतानाच फोन ठेवायचे. सांगितलेल्या भाड्यात डिझेल आणि टोल निघाला तर नशीब.

खाजाभाईंना तुम्ही अंगणातच सांगितलंत. इतकी वर्षं ते तुमच्यासोबत आळीपाळीनं गाडी चालवत होते. "खाजाभाई, एका गाडीवर दोघांचं भागंना झालंय." ते म्हणाले, "मालूम था अण्णा. तुम कब बोलते बोलके मय रुका था." तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणूनच ते थांबले होते. ते जहिराबादला टेम्पोवर गेले. ते गेल्यावर तुम्ही गाडीची समोरची काच पुसत बसलात. स्वच्छ झाली तरी पुसतच होतात.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर.

"तू कामून येतीस? तिथं काय जत्रा हाय?"

"तुम्ही एकटेच चालवायलाव. कुणी बोलायला नसलं की तुम्हाला पेंग येती. मी बोलत बसते."

"दिवसभर?"

"मी मास्तरीण हाय."

तुम्ही हसलात. किती दिवसांनी हसलात ते मला तेव्हाच जाणवलं.

त्या प्रवासाचं मला आता सगळं नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते सगळं एकाच लांब दुपारीत घडल्यासारखं वाटतं. हुमनाबादच्या पुढची तांबडी माती. मग कमलापूरचा उतार, रस्त्याकडेला तांबड्या केळ्यांचे घड टांगलेले. मग माती हळूहळू काळी होत जाते आणि आभाळ रुंद होतं. समोर रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसायचं, आपण जवळ गेलो की ते पुढं सरकायचं. मी बोलायला म्हणून आले होते आणि मीच झोपून जायची. जाग यायची तेव्हा तुम्ही कुठल्यातरी नाक्यावर कुणाशी कानडीत बोलत असायचात, कुणाशी दखनीत. माझ्याकडं वळलात की मराठीत. आणि गिअर अडकला की गाडीला तिन्ही भाषांत शिव्या. अर्ध्या झोपेत मला वाटायचं, माझं तीन माणसांशी लग्न झालंय आणि तिघंही बरे आहेत.

गुलबर्ग्यात मार्केट यार्डाजवळच्या मैदानात आपण गाडी लावली. भाड्याची वाट बघत थांबलेल्या गाड्यांनी ते मैदान भरलं होतं. दोन गाड्यांच्या मध्ये ताडपत्र्या बांधून सावल्या केलेल्या, सावलीत माणसं, स्टोव्ह, वाळत घातलेल्या बनियनी. डाळीच्या मिलमधून भुशाचा गोडसर वास यायचा. मी एकटीच बाई. पहिल्या दिवशी सगळे संकोचून लांब बसले. दुसऱ्या दिवशी आळंदकडचा एक वयस्कर ड्रायव्हर शेंगाच्या चटणीची पुडी घेऊन आला. "ऊटा आतेन्री, अक्का?" जेवण झालं का, असं विचारत त्यानं पुडी माझ्यापुढं ठेवली आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला. तो रेवणप्पा.

रोज सकाळी एजंट मोटारसायकलवरून यायचा. त्याचं नाव मल्लिकार्जुन. वाईट माणूस नव्हता, त्याचाही फोन सारखा वाजायचा आणि पलीकडून कुणीतरी त्याच्यावर ओरडत असायचं. पुण्याचं डाळीचं भाडं तो सांगायचा ते इतकं कमी, की नवख्याला वाटावं चेष्टा करतोय. "जमत न्हाई तर सोडा. मागं गाड्या उभ्याच हायत." आणि रोज एखादा उठायचा. खाली मान घालून ताडपत्री सोडायचा आणि गाडी भरायला जायचा. दुसऱ्या दिवशी मल्लिकार्जुन अजून थोडं कमी सांगायचा.

एका संध्याकाळी तुम्ही सगळ्यांना गोळा केलंत. तुम्ही भाषण करणारे नाही. नुसतं म्हणालात, "पुण्याला जायला काय काय लागतंय, एकेकानं सांगा."

"डिझेल," कुणी म्हणालं. टोल. हमाली. टायरची झीज. वाटेतल्या नाक्यांवरचं चहापाणी. तुम्ही एकेक बोट दुमडत गेलात. शेवटी सांगायचं संपलं.

"झालं?"

"झालं."

"आन् तुमी? गाडी काय आपल्या आपण जायलीय व्हय पुण्याला?"

सगळे हसले. मग हसू हळूहळू थांबलं. गाडी चालवणाऱ्याची मजुरी कुणाच्याच तोंडून आली नव्हती. तुमच्याही बोटावर नव्हती, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. बोटं दुमडता दुमडता ते तुमच्याही तेव्हाच लक्षात आलं होतं.

त्या संध्याकाळी ठरलं की मजुरी धरून जे भाडं होतं, त्याच्या खाली ह्या मैदानातून एकही गाडी भरायची नाही. आपली गाडी लांबीला सगळ्यात मोठी, म्हणून भालकीच्या संजूनं सुचवलं ती मैदानाच्या फाटकात आडवी लावा. तुम्ही लावलीत.

त्यानंतरचे दिवस. अहो, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माणसांची पोटं आवळत चालली होती, घरून येणाऱ्या फोनवर कुणी हळू आवाजात बोलत होतं, कुणी फोन उचलतच नव्हतं. आणि मी सुखात होते. लग्नानंतर सलग इतके दिवस तुम्ही मला कधी मिळालाच नव्हतात. सकाळी आपण दोघं यार्डाच्या नळावर पाणी भरायला जायचो. दुपारी ताडपत्रीखाली पडल्या पडल्या तुम्ही मला रस्ते सांगायचात: विजयवाड्याकडं नदी किती रुंद दिसते, सोलापूरच्या अलीकडं कुठल्या धाब्यावर वरण आपल्यासारखं मिळतं. मी डोळे मिटून ऐकायची. आजूबाजूला तीन भाषांत माणसं कुजबुजत असायची, कुठंतरी स्टोव्ह फुरफुरायचा, आणि ऊन ताडपत्रीतून निळं होऊन आपल्या अंगावर पडायचं. मंदीनं माझा नवरा मला आणून दिला होता. ह्याबद्दल मी तिचे आभार मानू की नको, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आणि आपण जिंकत होतो! हे तरी तुम्ही कबूल करा. मल्लिकार्जुन आधी रागावून गेला, मग दोन दिवस आलाच नाही, मग आला तेव्हा त्यानं भाडं वाढवून सांगितलं. आपल्याला हवं तितकं नाही, पण वाढवलं. मिलवाल्यांच्या गोदामात डाळीची पोती साचायला लागली होती. संजू म्हणाला, "अजून थोडं थांबू. येतोय तो वठणीवर."

दुसऱ्याच दिवशी सकाळी रेवणप्पानं गाडी चालू केली.

त्याची मुलगी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. अडली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि आधी पैसे भरायला सांगितले होते. मैदानात सगळ्यांनी खिसे उलटे केले तरी भागण्यासारखं नव्हतं. तो पहाटे जाऊन मल्लिकार्जुनकडून जुन्या, पडलेल्या भाड्यावरच उचल घेऊन आला होता. आता त्याला मिलला जाऊन गाडी भरायची होती.

गाडी हळूहळू फाटकापर्यंत आली. सगळे पुढं जाऊन उभे राहिले. संजू ओरडला, "एक गाडी गेली की सगळं गेलं! रेवणप्पा, उतर खाली!" मीही तुमचा दंड धरला. "गाडी हलवू नका," म्हटलं. "त्याची अडचण खरी हाय, पण हलवू नका. दुसरा काहीतरी मार्ग काढू."

तुम्ही माझा हात सोडवलात. रेवणप्पाच्या गाडीच्या पायरीवर चढून खिडकीतून त्याच्याशी कानडीत काहीतरी बोललात, अगदी थोडं. मग खाली उतरलात, आपल्या गाडीत चढलात, आणि ती फाटकातून बाजूला घेतलीत.

"होग्री, रेवणप्पा," म्हणालात. जा.

तो गेला. तुम्ही कुणाकडंच बघितलं नाहीत. बाकीचेही मग तुमच्याकडं बघेनात. त्याच दुपारी दोन गाड्या भरायला गेल्या, दुसऱ्या दिवशी उरलेल्या. आपण सगळ्यात शेवटी भरली, त्याच भाड्याला. पुण्याला माल उतरवून गुलबर्ग्यावरून परत येताना मी कमलापूरपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही गाडी थांबवून तांबडी केळी घेतलीत. मी एक खाल्लं आणि तरी बोलले नाही.

पुढं ते पडलेलं भाडं तो सगळा हंगाम तसंच राहिलं. हप्ते थकून संजूची गाडी गेली. तो आता हैदराबादेत दुसऱ्याच्या गाडीवर आहे. रेवणप्पाची मुलगी आणि नात दोघी सुखरूप राहिल्या.

बस, एवढ्याच गोष्टीवरून आपण इतकी वर्षं भांडलो. कधी भाकरी करताना, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून हळू आवाजात, कधी उदगीरच्या बसमध्ये.

"लेकरू अडलंय आन् मी गाडी आडवी लावून उभा राहू?" तुम्ही म्हणायचात.

"एका लेकरासाठी मैदानातल्या सगळ्यांची लेकरं उपाशी ठेवलीत तुम्ही. संजूला काय सांगणार?"

"संजूची गाडी गेली ते मला दिसत न्हाई असं वाटतंय का तुला?" हे तुम्ही एकदाच म्हणालात, आणि ताटावरून उठलात. त्यानंतर मी संजूचं नाव काढलं नाही. पण भांडण सोडलं नाही. "त्याला विचारायचं तरी होतं," मी म्हणायची. "थांबतोस का, एवढं तरी. तुम्ही विचारलंसुद्धा न्हाई."

"विचारलं असतं तर न्हाई म्हणला असता. मग काय त्याला ओढून काढायचं होतं गाडीतून?"

"म्हणला असता कशावरून?"

"मी ड्रायव्हर हाय. मला कळतंय."

हे तुमचं ठरलेलं वाक्य. ते आलं की मी तवा आपटायची, आणि भांडण पुढच्या वेळेपर्यंत मिटायचं.

खरं सांगू? मला ते भांडण आवडायचं. आपल्या घरात दोघांची मतं एकाच वजनाची होती हे मला त्यातून कळायचं. माझ्या कितीतरी मैत्रिणींचे नवरे शिकलेले, ऑफिसात बसणारे. त्यांच्याकडं असली भांडणं होत नाहीत, तिथं एकच जण बोलतो. तुम्ही माझं म्हणणं कधी उडवून लावलं नाहीत. रागावलात, उठून गेलात, पण पुढच्या फेरीवरून येताना वाटेत त्यावर विचार करून नवीन मुद्दा घेऊन आलात. गुलबर्गा ते हळ्ळीखेड एवढा रस्ता माझ्या एका वाक्याचं उत्तर शोधत कुणीतरी येतंय, ह्याच्याहून जास्त मान मला कुणी दिला नाही. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहून ठेवते.

यंदा परत तसंच चाललंय. मिलवाले माल काढायला तयार नाहीत, भाडी पडलीत. तुम्ही गेल्यावर सगळे म्हणाले गाडी विका, आणि तेच म्हणाले की आत्ता विकलीत तर लोखंडाच्या भावात जाईल. मी काही ठरवायच्या आत खाजाभाई जहिराबादहून आले. तुमच्या फोटोपुढं बराच वेळ बसले. मग म्हणाले, "भाभी, गाडी को खडा नक्को रखो. मय चलाताऊं." मी म्हटलं, आधी तुमची मजुरी ठरवू, मगच किल्ली देईन. त्यांना ते बोलणं इतकं अवघड झालं की ते अंगणात जाऊन उभे राहिले. मी तिथं जाऊन ठरवलं. आता गाडी चालतेय, जमेल तशी. परतीचं भाडं मिळालं नाही की ते मला फोन करतात आणि मी म्हणते, थांबा, रिकामे येऊ नका, पण पडत्या भाड्याला भरूही नका. मग फोन ठेवून मी घाबरत बसते. तुम्ही असं रोज करत होतात, आणि वर जेवतही होतात.

आणि परवा रेवणप्पा आला.

तेराव्याला तो आला नव्हता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणे. काळा चष्मा लावून, बस बदलत, एकटाच आला. पायरीवर बसला. आत या म्हटलं तरी आला नाही. त्याची नात आता शाळेत जाते, पाढे म्हणते, हे त्यानं मला सांगितलं, कारण मी मास्तरीण. मग आम्ही दोघं लिंबाकडं बघत बसलो. दुपार इतकी शांत होती की मला वाटलं, आता विचारलं तर स्वप्नात विचारल्यासारखंच होईल.

"रेवणप्पा, त्या दिवशी पायरीवर चढून ते तुमच्याशी काय बोलले?"

"काय न्हाई, अक्का. पोरगी कुठल्या दवाखान्यात हाय ते विचारलं. आन् रक्त लागलं तर मला फोन कर म्हणले."

"आणि थांब म्हणाले असते तर?"

त्यानं चष्मा काढला. डोळ्यांना पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं की कशाचं ते कळलं नाही.

"थांबलो असतो," तो म्हणाला.

मी चहा ठेवायला उठत होते, तशीच खाली बसले.

"दुसऱ्या कुणी म्हणलं असतं तर अंगावर गाडी घातली असती. त्यानं म्हणलं असतं तर थांबलो असतो, अक्का. इंजिन बंद केलं असतं." मग चष्मा परत लावत तो म्हणाला, "पण मग ह्या दारात पुन्हा कधी आलो नसतो."

चहा पिऊन तो उतरत्या उन्हात बसस्टँडकडं गेला. मी तिथंच पायरीवर बसून राहिले. मला उठून कुणाकडं तरी पळत जायचं होतं आणि ते सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस एकच होता.

तुम्ही असता तर मी चहासुद्धा ठेवला नसता. तुम्ही फाटकातून आत येत असतानाच सांगून टाकलं असतं. तुम्ही चपला काढता काढता थांबला असता, सगळं नीट ऐकून घेतलं असतं, आणि मग त्यातलं दाराचं वाक्य तेवढं उचलून, माझ्याकडं बघून म्हणाला असता, "बघ, मी म्हणलं नव्हतं?"

आणि त्याच क्षणी मीही तेच म्हणाले असते.